सरासरी, मध्यक आणि नाबाद फलंदाज

१४ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनमधील ओव्हलच्या मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटी सामन्यात फलंदाजीस उतरले. त्याआधीच्या एकोणऐंशी डावांत त्यांच्या ६९९६ धावा झाल्या होत्या आणि त्यांतील दहा डावांत ते नाबाद राहिले होते. त्या दिवशी एरिक हॉलिस यांच्या गोलंदाजीवर दुसऱ्याच चेंडूला त्यांचा त्रिफळा उडाला. धावा शून्य. इंग्लंडचा संघ पहिल्या डावात अवघ्या ५२ धावांत गारद झाला होता. ऑस्ट्रेलियाने तो सामना डावाने जिंकला आणि ब्रॅडमन यांना पुन्हा खेळण्याची वेळच आली नाही. त्यांची कसोटीतील सरासरी ९९.९४ वर थांबली, ती कायमची.

ही हकीकत वर्गात सांगितली की मुले हळहळतात. चार धावा झाल्या असत्या तर शंभर पुरे झाले असते, असे कोणीतरी लगेच सांगतो, कारण ते त्याने कोठेतरी ऐकलेले असते. शिक्षकाने नेमके येथे थांबावे आणि विचारावे : चारच का? सरासरी तर शंभराला सहा शतांशांनी कमी आहे; मग सहा शतांश धावा कमी पडल्या, असे का म्हणत नाही? बहुतेक वर्गांत या प्रश्नानंतर थोडी शांतता पसरते. ऐंशी डाव, दहा नाबाद, म्हणजे सत्तर वेळा बाद. ६९९६ ला सत्तरने भागले की ९९.९४ येतात आणि ७००० ला सत्तरने भागले की बरोबर १००. सरासरीतील प्रत्येक शतांशामागे सत्तर डावांचे ओझे असते, ही गोष्ट मुलाने एकदा स्वतः फळ्यावर करून पाहिली की सरासरी म्हणजे काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीला सरासरी शिकवली गेली ती चहाच्या दोन प्रतींच्या मिश्रणातून आणि नावेत बसलेल्या प्रवाशांच्या वयांतून. बेरीज करा, संख्येने भागा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. उत्तर बरोबर येत असे. परंतु त्या उत्तराने काय सांगितले आणि काय लपविले, हा प्रश्न कधी निघालाच नाही. चहाच्या मिश्रणाविषयी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कसलेही मत नसते. खेळाविषयी असते, आणि ते ठाम असते. सांख्यिकीचा आरंभ करण्यास खेळासारखे दुसरे क्षेत्र नाही ते एवढ्याचसाठी. येथे मूल उत्तरावर भांडावयास तयार असते.

आता फळ्यावर आठ संख्या लिहू या : ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. सुनील गावसकर यांनी १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आपल्या पहिल्याच मालिकेत, चार कसोटी सामन्यांत खेळलेले हे आठ डाव. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने ती मालिका जिंकली. मुलांना या संख्यांची सरासरी काढावयास सांगावी. बेरीज ७७४, डाव आठ, उत्तर ९६.७५. मग शिक्षकाने सांगावे की कोणत्याही क्रिकेटच्या पुस्तकात या मालिकेतील त्यांची सरासरी १५४.८० अशी दिलेली आढळेल. वर्गाचा गोंधळ उडतो. कोणाचे चुकले, पुस्तकाचे की आपले?

कोणाचेच चुकलेले नाही. भागाकार दोन निरनिराळ्या गोष्टींनी केला आहे. क्रिकेटमधील सरासरी ही डावागणिक धावांची नसून बाद होण्यागणिक धावांची असते. गावसकर आठ डावांत पाच वेळा बाद झाले, म्हणून ७७४ ला पाचने भागावयाचे. हे नुसते सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते. नाबाद राहिलेला डाव हा अर्धवट राहिलेला डाव आहे असे समजा आणि तो पुढच्या डावाला जोडून द्या, जणू फलंदाज मध्ये चहापानासाठी तंबूत गेला आणि परत आला. आता संख्या अशा होतात : ६५, मग ६७ आणि ११६ मिळून १८३, ६४ आणि १ मिळून ६५, ११७ आणि १२४ मिळून २४१, आणि शेवटी २२०. पाच बाद, पाच संख्या, आणि त्यांची साधी सरासरी १५४.८०. ज्या मुलांना सूत्र पाठ करूनही कळत नाही त्यांना ही जोडणी पाहून कळते.

तथापि चलाख मुले येथेच थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये. त्यांच्यासाठी बिल जॉन्स्टन यांचे उदाहरण राखून ठेवावे. हे ऑस्ट्रेलियाचे डावखुरे गोलंदाज. फलंदाजीत त्यांचा क्रम अगदी अखेरचा. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात ते सतरा डाव खेळले, सोळा वेळा नाबाद राहिले, आणि त्यांच्या एकूण धावा झाल्या १०२. एकदाच बाद झाल्यामुळे सरासरी १०२.००! त्यांची सर्वांत मोठी खेळी नाबाद २८ धावांची होती. तेव्हा जॉन्स्टन हे ब्रॅडमनहून श्रेष्ठ फलंदाज काय? वर्ग हसतो, आणि हसण्याच्या भरात एक महत्त्वाची गोष्ट शिकतो : एखादे सूत्र बहुतेक वेळा न्याय्य असले तरी टोकाच्या ठिकाणी ते हास्यास्पद उत्तर देऊ शकते, आणि भाजक केवढा आहे हे पाहिल्यावाचून भागाकारावर विश्वास ठेवू नये. एकदाही बाद न झालेल्या फलंदाजाची सरासरी किती, हा प्रश्नही मुले आपण होऊन विचारतात. शून्याने भागता येत नाही हा नियम त्यांना या एका प्रश्नाने जितका पटतो तितका तो एरवी पटत नाही.

ज्या मुलांना क्रिकेटची गोडी नाही त्यांनी खो-खोचे उदाहरण घ्यावे. संरक्षक किती वेळ टिकला याची नोंद ठेवतात. परंतु पाळी संपली तरी जो बाद झाला नाही, त्याची वेळ कोणती धरावी? तो आणखी किती टिकला असता हे कोणालाच ठाऊक नाही. हीच अडचण औषधांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना येते. पाहणी संपते तेव्हा काही रोगी बरे व्हावयाचे असतात. मोठ्या विद्येतील अडचण आणि शाळेच्या मैदानावरील अडचण एकच असावी, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटते.

यानंतर मध्यकाकडे वळावे. मध्यक म्हणजे संख्या लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभ्या केल्या असता बरोबर मध्यावर येणारी संख्या. संख्या सम असल्या तर मधल्या दोहोंची सरासरी. रांग ही मुलांना परिचित असते. उंचीप्रमाणे उभे करून मधल्या मुलाला एक पाऊल पुढे यावयास सांगितले की व्याख्या झाली. पण मध्यकाची गरज काय, हे मात्र रांगेवरून कळत नाही. त्यासाठी दुसरी एक मालिका घेऊ.

२०२५ साली भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी सामने खेळला. शुभमन गिल यांची कसोटी कर्णधार म्हणून ती पहिलीच मालिका. त्यांच्या दहा डावांतील धावा क्रमाने अशा : १४७, ८, २६९, १६१, १६, ६, १२, १०३, २१, ११. ते एकदाही नाबाद राहिले नाहीत, त्यामुळे नाबादाचा घोळ येथे नाही. बेरीज ७५४, सरासरी ७५.४०. आता रांग लावा : ६, ८, ११, १२, १६, २१, १०३, १४७, १६१, २६९. मधल्या दोन संख्या १६ आणि २१, मध्यक १८.५.

पंचाहत्तर कोठे आणि साडेअठरा कोठे! दोन्ही उत्तरे एकाच माणसाच्या एकाच मालिकेविषयी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. शिवाय ही दहा संख्यांची रांग नीट पाहिली तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. २१ आणि १०३ यांच्या दरम्यान एकही डाव नाही. ज्या ७५.४० ला आपण त्या मालिकेतील त्यांची 'सर्वसाधारण' कामगिरी म्हणतो, तिच्या आसपासही ते एकदासुद्धा बाद झाले नाहीत.

गावसकरांच्या आठ संख्यांचीही अशीच रांग लावून पाहावी, मात्र नाबाद डाव जसेच्या तसे धरून : १, ६४, ६५, ६७, ११६, ११७, १२४, २२०. मध्यक ९१.५, आणि डावागणिक सरासरी ९६.७५. दोन्ही जवळजवळ आहेत, कारण एक डाव सोडला तर साठाच्या खाली ते आलेच नाहीत. एकूण धावांत दोन्ही मालिकांमध्ये अवघ्या वीस धावांचे अंतर आहे. पण धावा वाटल्या गेल्या त्या किती निराळ्या तऱ्हेने! सांख्यिकीत ज्याला विखुरलेपण म्हणतात त्याची ओळख मुलांना प्रमाण विचलनाच्या सूत्रावाचून येथेच होऊ शकते. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर शून्य ते २७० असे अंक घालावे आणि प्रत्येक डावासाठी एक ठिपका द्यावा. गावसकरांचे ठिपके दोन पुंजक्यांत बसतात आणि दोन एकांडे टोकांना राहतात. गिल यांच्या ठिपक्यांचा डावीकडे दाट गुच्छ होतो आणि उजवीकडे चार लांब लांब.

या ठिकाणी वर्गात वाद माजतो आणि तो माजू द्यावा. कोणी म्हणेल, सरासरी फसवी आहे, मध्यकच खरा. पण बर्मिंगहॅमच्या एका सामन्यात गिल यांनी २६९ आणि १६१ अशा मिळून ४३० धावा केल्या आणि भारताने तो सामना ३३६ धावांनी जिंकला. मध्यक या ४३० धावांकडे ढुंकूनही पाहत नाही. २६९ च्या ठिकाणी १७० असते तरी मध्यक साडेअठराच राहिला असता. संघाला फलंदाजाने एकंदर किती दिले, हा प्रश्न असेल तर सरासरीकडे जावे. आज तिकीट काढून मैदानावर गेलो तर काय पाहावयास मिळेल, हा प्रश्न असेल तर मध्यकाकडे जावे. आमच्या मते सहावी-सातवीच्या मुलाला सांख्यिकीतील एवढे एक जरी कळले, की प्रश्न आधी ठरतो आणि मग सरासरी की मध्यक हे ठरते, तरी वर्षभराचे काम झाले. बहुलकाविषयी येथे फारसे लिहीत नाही. धावांसारख्या संख्यांत तो उपयोगी पडत नाही. हॉकीत किंवा फुटबॉलमध्ये एका सामन्यात किती गोल होतात ते मोजताना मात्र त्याची गाठ पडते.

गावसकर त्याच वर्षी, १९७१ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडला गेले. तेथील सहा डाव : ४, ५३, ५७, २४, ६, ०. बेरीज १४४, सरासरी २४.००. मग दोन्ही मालिका मिळून सरासरी किती? वर्गातील निम्मे हात तत्काळ वर होतात : १५४.८० अधिक २४, भागिले दोन, ८९.४०. हे उत्तर चुकीचे आहे. धावा ९१८, बाद अकरा वेळा, म्हणून सरासरी ८३.४५. सरासऱ्यांची सरासरी काढणे ही चूक शाळकरी मुलेच करतात असे नाही. दोन तुकड्यांच्या निकालांची सरासरी काढताना तुकड्यांचा पट न पाहणारी प्रौढ माणसेही आढळतात. मूळ बेरजांकडे परत जावे, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

पण या दोन मालिकांत याहून मोठा धडा आहे. आठ डावांनंतर सरासरी १५४.८०, चौदा डावांनंतर ८३.४५. गावसकर १९८७ पर्यंत खेळले. १२५ कसोटी सामने, २१४ डाव, १६ वेळा नाबाद, १०१२२ धावा, सरासरी ५१.१२. पहिल्या मालिकेवरून कोणी भाकीत केले असते तर ते तिप्पट फुगलेले ठरले असते, आणि दुसरीवरून केले असते तर निम्म्याहून कमी. थोड्या डावांची सरासरी पाण्यावरच्या होडीसारखी हेलकावे खाते. मुलांना हे आकड्यांत दाखवता येते. वेस्ट इंडीजमधील पाच बादांनंतर गावसकर यांच्या वाट्याला एक शून्य आले असते, तर सरासरी १५४.८० वरून १२९ वर, म्हणजे जवळजवळ सव्वीस धावांनी कोसळली असती. ब्रॅडमन यांना ओव्हलवर मिळालेल्या शून्याने त्यांची सरासरी १०१.३९ वरून ९९.९४ वर आली. दीड धावही कमी झाली नाही. शून्य तेच, एक पाच बादांवर पडले असते, दुसरे एकोणसत्तरांवर पडले.

आता संख्या पुस्तकातून मैदानावर न्याव्या, परंतु वाटेत एक नाणे खिशात असू द्यावे. १९०५ साली इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यातील पाचही कसोटी सामन्यांत इंग्लंडचे कर्णधार स्टॅन्ली जॅक्सन यांनी नाणेफेक जिंकली; ऑस्ट्रेलियाचे जो डार्लिंग पाचही वेळा हरले. जॅक्सन यांना काही हातोटी साधली होती काय? ठरावीक एका कर्णधाराने लागोपाठ पाच नाणेफेकी जिंकण्याची संभाव्यता बत्तीसांत एक. दोघांपैकी कोणीही जिंकण्याची सोळांत एक. पाच सामन्यांच्या मालिका आजवर इतक्या झाल्या आहेत की असे कधीच घडले नसते तर ते अधिक नवलाचे ठरले असते. (दोन्ही कर्णधारांचा जन्म एकाच दिवशी, २१ नोव्हेंबर १८७० रोजी झाला होता. त्याचा नाणेफेकीशी काही संबंध लावता येईल का, असे मुलांना जरूर विचारावे.)

समजा, चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहा वेळा नाणे उडविले आणि छापांची संख्या लिहून ठेवली. दोघातिघांना आठ किंवा त्याहून अधिक छाप पडतील. हिशेबच तसा आहे. त्यांना पुढे बोलावून, वर्गातील सर्वोत्तम 'छापपटू' म्हणून टाळ्या देऊन, पुन्हा दहा वेळा नाणे उडवावयास लावावे. बहुधा ते पाच-सहांवर येतील. टाळ्यांनी ते शेफारले, असे कोणी म्हणेल काय? ज्यांना दोनच छाप पडले होते त्यांच्यावर डोळे वटारून पुन्हा नाणे उडवावयास सांगितले तर त्यांची संख्या बहुधा वाढेल. डोळे वटारल्याने नाणे सुधारले काय?

हे पोरखेळ वाटेल, परंतु मैदानावर रोज हेच घडते. दहा पावलांवरून यष्टीवर चेंडू मारण्याचा सराव घ्या, प्रत्येकास दहा फेकी. त्यात कौशल्य नक्कीच आहे, पण दैवाचाही भाग आहे. पहिल्या फेरीत ज्याचे आठ नेम लागले त्याला शाबासकी मिळते, आणि दुसऱ्या फेरीत त्याचे सहाच लागतात. ज्याचा एकच लागला त्याला ओरडा बसतो, आणि दुसऱ्या फेरीत त्याचे तीन लागतात. प्रशिक्षकाच्या मनात नकळत एक सिद्धान्त पक्का होतो : कौतुकाने मुले बिघडतात, धाकाने सुधारतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी इस्रायलच्या हवाई दलातील विमानचालनाच्या प्रशिक्षकांकडून हाच सिद्धान्त ऐकला होता आणि त्यातील चूक त्यांच्या ध्यानात आली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. फार वरची कामगिरी पुढच्या वेळी खाली येते आणि फार खालची वर येते, याचे कारण पुष्कळदा शाबासकीत वा शिक्षेत नसून संख्यांच्या स्वभावातच असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचींचा अभ्यास करताना या प्रवृत्तीचे वर्णन केले होते. अतिशय उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सामान्यतः त्यांच्याइतकी नव्हेत.

तेव्हा एका वाईट सामन्यावरून ज्या मुलीला शाळेच्या संघातून वगळले जाते, तिच्या बाबतीत झालेला अन्याय हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. ती सांख्यिकीतील चूक आहे, आणि ती फळ्यावर सिद्ध करून दाखवता येते. वर्गालाच निवडसमिती करावे. दोन खेळाडूंच्या नोंदी द्याव्या, एकीच्या तीन सामन्यांच्या आणि दुसरीच्या पंधरा सामन्यांच्या, आणि कोणाला घ्यावे याची कारणे लिहावयास लावावी. कारणांवर गुण द्यावे, उत्तरावर नव्हे.

नोंदींविषयी एक सूचना. यष्टीवर नेम मारण्याच्या, धावण्याच्या किंवा लांब उडीच्या नोंदी मुलांच्या स्वतःच्या असतात, आणि तक्ता भिंतीवर लागला की शेवटचे नाव सर्वांना दिसते. म्हणून तक्त्यात नावाऐवजी क्रमांक घालावे. प्रत्येकाला आपला तेवढा ठाऊक असावा. आणि फेऱ्या दोनवर थांबवू नयेत. दर शनिवारी एक, अशा पावसाळ्याच्या आरंभापर्यंत दहा-बारा फेऱ्या झाल्या की प्रत्येक मुलाने आपली सरासरी आणि आपला मध्यक काढावा, ठिपक्यांची रेघ काढावी आणि पहिल्या शनिवारचा ठिपका तीत नेमका कोठे पडला आहे ते शोधावे.